स्लाइम: हाम्बुर्गचा एक पंक बँड आणि एक दगडी ठोकळा

लेखक: एल्बकाठचा
विभाग: संगीत

मागच्या धाग्यावर रानजाई यांनी विचारलं होतं, "जर्मन संगीत म्हणजे एकतर बेथोव्हेन नाहीतर रामश्टाइन, मधे काहीच नाही का हो?" (रामश्टाइन म्हणजे तिकडचा गाजलेला मेटल बँड.) मधे भरपूर आहे. त्यातल्या एकाच बँडबद्दल लिहितो. नाव स्लाइम, गाव हाम्बुर्ग, जन्म १९७९. रेडिओवर गाणी लागत नाहीत, घरातल्या मोठ्यांसमोर लावण्यासारखी नाहीत, आणि तरी राजकीय जर्मन पंक (म्हणजे रांगडं, बंडखोर रॉक) म्हटलं की पहिल्या दोन-तीन नावांत हे नाव निघतंच.

गाण्यांपासून सुरुवात करत नाही, कारण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता आरडाओरडा वाटतो. (वाटू दे. थोडाफार आहेच.) आधी एक दगडी ठोकळा बघू.

हाम्बुर्गच्या डामटोर स्टेशनातून बाहेर पडून गावाकडे चालू लागलं की श्टेफान्सप्लाट्झजवळ तो दिसतो. १९३६ साली, म्हणजे नाझी राजवटीत, ७६ व्या पायदळ रेजिमेंटच्या स्मरणार्थ उभारलेला. शिल्पकार रिचर्ड क्यूल. चारी बाजूंनी सैनिक कोरलेले आहेत: डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर बंदूक, रांगेमागे रांग. चेहरे जवळपास एकाच साच्यातले. ठोकळ्याला प्रदक्षिणा घातली तरी रांग कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही, आणि बनवणाऱ्याला तेच हवं असणार. त्यावर जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत एक ओळ आहे: जर्मनी जगला पाहिजे, मग आम्हाला मरावं लागलं तरी बेहत्तर. ही ओळ हाइनरिश लेर्श नावाच्या कवीची, पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हाची, १९१४ ची.

नाझी गेले, ठोकळा राहिला. त्याच्या बाजूने रोज ट्राफिक वाहतो, विद्यापीठाची मुलं सायकली दामटतात. १९८१ मध्ये स्लाइमचा पहिला अल्बम आला, त्यातल्या एका गाण्याचं ध्रुवपद असं: जर्मनीने मेलं पाहिजे, म्हणजे आम्हाला जगता येईल. ठोकळ्यावरची ओळ उचलली आणि उलटी टांगली. ठोकळा माहीत नसेल तर ते नुसतं देशाला शिव्या घालणं वाटतं. माहीत असेल तर कळतं की पोरं त्या ठोकळ्याशी भांडत होती, आणि भांडण त्यांनी काढलेलं नव्हतं.

पोरं म्हणजे खरंच पोरं. एल्फ नावाने ओळखला जाणारा गिटारिस्ट मिशाएल मायर, बासवर एडी, थोड्या काळाने आलेला गायक डर्क योरा, दुसरा गिटारिस्ट क्रिस्टियान मेव्स आणि पुढे ड्रमवर श्टेफान माहलर. आजूबाजूचा काळ बघा. १९७९ च्या डिसेंबरात नाटोने पश्चिम युरोपात नवी अण्वस्त्रं आणायचं ठरवलं. फेब्रुवारी १९८१ मध्ये हाम्बुर्गच्या खालच्या अंगाला एल्ब नदीवर ब्रोकडोर्फच्या अणुभट्टीविरुद्ध लाखभर माणूस थंडीत उभा राहिला. त्याच वर्षी बंदराकाठच्या हाफेनश्ट्रासमधल्या रिकाम्या इमारतींत तरुण मंडळी घुसून राहू लागली. पोलिसांशी रोजचा सामना होता. त्यामुळे स्लाइमची सुरुवातीची गाणी पोलिसांबद्दल आहेत आणि ती अजिबात सभ्य नाहीत. गंमत म्हणजे पहिला अल्बम सरकारी कार्यालयाने 'मुलांच्या हाती पडू नये' अशा यादीत टाकला तो २०११ साली. तोवर पहिल्या श्रोत्यांची पोरंसुद्धा मोठी झाली होती!

पुढचं भराभर सांगतो. १९८२ आणि १९८३ मध्ये आणखी दोन अल्बम, त्यातला 'आल्ल गेगेन आल्ल' (सगळे सगळ्यांविरुद्ध) म्हणजे त्या पिढीचं पाठांतर. १९८४ मध्ये बँड फुटला. १९९० मध्ये परत जमला, १९९४ मध्ये 'श्वाइनेहेर्ब्स्ट' काढून परत फुटला. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत चांगला अल्बम. त्याबद्दल खाली कुणीतरी विचारेलच.

त्यानंतर पंधराएक वर्षं शांतता. २०१० च्या सुमारास पुन्हा मंचावर आले, पण माहलर आला नाही. तो नुसता ड्रमर नव्हता, बँडच्या उत्तम गीतांपैकी बरीचशी त्याची. मग २०१२ च्या अल्बमसाठी त्यांनी एरिश म्यूझामच्या कविता घेतल्या. हा ज्यू अराजकवादी कवी १९३४ मध्ये ओरानियेनबुर्गच्या छळछावणीत मारला गेला. अल्बमचं नावही त्याच्याच कवितेतलं, 'झिश फ्यूगेन हाइस्ट ल्यूगेन', म्हणजे मान तुकवणं म्हणजे खोटं बोलणं. शंभरएक वर्षांपूर्वीचे छंद पंकच्या ठेक्यात इतके फिट बसतात की मुद्दाम त्यासाठीच लिहिलेत असं वाटावं.

२०२० मध्ये योराने बँड सोडला. त्याच्या जागी आला टेक्स ब्रास्केट, बर्लिनच्या रस्त्यांवर गिटार घेऊन गाणारा आणि कधीकाळी रस्त्यावरच राहिलेला माणूस. २०२२ च्या अल्बमचं नाव 'झ्वाय', म्हणजे दोन. पहिल्याच नावाच्या बँडचा दुसरा जन्म, असं समजा.

नव्या माणसाने म्यूझामवाल्या अल्बमपासून सुरुवात करावी, मग 'श्वाइनेहेर्ब्स्ट', मग पहिला. उलट क्रमाने गेलात तर अर्ध्यात सोडून द्याल.

प्रतिसाद

रानजाई
अरे वा, माझ्या एका प्रश्नावर अख्खा धागा! म्यूझामचं एक गाणं लगेच ऐकलं. माझं जर्मन बी-१ म्हणजे मधल्या पातळीच्या आसपास घुटमळतंय, तरी निम्मे शब्द कळले. गायकाचा घसा बसलाय पण उच्चार स्वच्छ आहेत. हे मुद्दाम की योगायोग?

डेसिबल
योरा आधीपासूनच असा. घोगरा आवाज, पण प्रत्येक व्यंजन दातावर आपटून बाहेर येतं. बऱ्याच जर्मन पंक बँडांत शब्द चिखलात बुडतात, इथे बुडत नाहीत. घोषणा द्यायची सवय असलेल्या माणसाचा आवाज आहे.

मुळामुठा
लेख माहितीपूर्ण आहे, पण एक कळलं नाही. ज्या देशाने शिकवलं, दवाखाना दिला, बेकारी भत्ता दिला त्याने 'मेलं पाहिजे' म्हणायचं आणि आपण त्याला कला म्हणायचं? उद्या आपल्याकडे कुणी असं गाणं केलं तर याच संस्थळावर लोक त्याला सोलून काढतील. स्मारक नाझींचं असेल, पण ते मेलेल्या साध्या सैनिकांसाठी आहे ना?

एल्बकाठचा
@मुळामुठा, हा प्रश्न जर्मनीतही पडला आणि पार वरपर्यंत गेला. बर्लिनमध्ये एका सभेत कुणीतरी हे गाणं लाउडस्पीकरवर लावलं. राज्याची अवहेलना केली म्हणून खटला झाला आणि बर्लिनच्या न्यायालयांनी त्या माणसाला दोषी धरलं. ३ नोव्हेंबर २००० रोजी कार्ल्सरूहच्या, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च घटना न्यायालयाने तो निकाल फिरवला. कलेचं स्वातंत्र्य त्यांच्या घटनेच्या पाचव्या कलमात आहे, आणि न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की अतिशयोक्ती हे या प्रकारच्या गाण्याचं हत्यारच आहे, त्यामुळे ओळ सुटी काढून शब्दशः वाचता येणार नाही. डामटोरच्या ठोकळ्याचा संदर्भ निकालातही येतो. आणि त्यांनी कुणाची आठवण काढली तर हाइनरिश हाइनची! १८४४ ची श्लेझियाच्या विणकरांवरची कविता: विणकर मागावर बसून जुन्या जर्मनीचं कफन विणताहेत आणि त्यात देव, राजा आणि पितृभूमी अशा तिघांना शाप गुंफताहेत. तिच्यावर तेव्हा प्रशियात बंदी होती, आज ती शाळेत शिकवतात.

सैनिकांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. पण मेलेल्यांसाठी रडणारं स्मारक वेगळं आणि पुढच्या तुकडीला बोलावणारं वेगळं. १९३६ मध्ये हे दुसऱ्या प्रकारचं होतं. तीन वर्षांत पुढची तुकडी निघालीच. शहरालाही ते खुपत होतं, म्हणून १९८० च्या दशकात आल्फ्रेड ह्र्डलिच्का या ऑस्ट्रियन शिल्पकाराला शेजारी प्रतिस्मारक करायला सांगितलं. चार भाग ठरले होते, दोन झाले, पैशांवरून गाडं अडलं ते अडलंच. २०१५ मध्ये दोन्हींच्या मधे तिसरं स्मारक आलं, सैन्यातून पळालेल्यांचं, ज्यांना नाझी लष्करी न्यायालयांनी मारलं. एका चौकात तीन स्मारकं एकमेकांशी भांडताहेत.

तारीख_पुढची
वकिली पेशा असल्याने राहवत नाही. जर्मन कलम ९०अ, राज्याची अवहेलना, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आपलं राजद्रोहाचं कलम १२४अ जन्मठेपेपर्यंत जात होतं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित केलं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलं. आठवत असेल तर २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदीला १२४अ खाली पकडलं होतं. त्याच्यावरचा तो आरोप नंतर मागे घेतला गेला, आणि मुंबई उच्च न्यायालयात त्यावरून पोलिसांसाठी मार्गदर्शक सूचना झाल्या. त्यामुळे 'आपल्याकडे कुणी असं केलं तर' याचं उत्तर अगदीच काल्पनिक नाही.

मुळामुठा
वकीलसाहेब, कायद्याने चालतं म्हणून आवडलंच पाहिजे असं नाही ना? माझा मुद्दा चवीचा होता.

सदाशिव_उभा_आडवा
चवीचं आम्ही बोलू. तीन गाणी ऐकली. तिन्हींत तीच तीन स्वरस्थानं, तोच ठेका, फक्त रागाचा विषय बदलतो. हाइन कुठे आणि हे कुठे. न्यायमूर्तींना संगीत ऐकायला लावलं होतं की नुसता कागद दिला होता?

डेसिबल
@सदाशिव, तू कुठली तीन ऐकलीस ते ओळखतो मी, सगळी पहिल्या अल्बममधली ना? 'आल्ल गेगेन आल्ल' लाव आणि हेडफोन घाल. दोन गिटार आहेत. एक करवत चालवते, दुसरी तिच्यावरून छोट्या छोट्या सुरावटी काढत जाते. ती मेव्सची. त्या काळी जर्मन पंकमध्ये सुरावट वाजवणं म्हणजे जवळपास हार्ड रॉकची बाधा झाल्यासारखं समजायचे, तरी तो वाजवतो. शिवाय हा अल्बम त्या काळच्या मानाने नीट ध्वनिमुद्रित झालाय, ड्रम डब्यासारखे वाजत नाहीत. बाकी स्वरस्थानं तीनच, हे खरं. भजनात किती असतात?

सदाशिव_उभा_आडवा
भजनात मधे मधे श्वास घेतात बाबा.

जुना_बाजार
मला यातलं संगीत कमी आणि छपाई जास्त कळते. त्या काळचे जर्मन पंक फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेली मासिकं, पाहिलेत का कुणी? वर्तमानपत्रातून कापलेली अक्षरं, टाइपरायटरचा मजकूर, गोंदाचे डाग, सगळं तसंच झेरॉक्स केलेलं. पाहिल्याबरोबर आपली साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं आठवली. सायक्लोस्टाइलवर काढलेली, संपादकाच्या खिशातून पैसे, अंक निघेल तेव्हा निघेल. अशोक शहाणे आणि मंडळींनी प्रस्थापित मासिकांना दाखवलेला ठेंगा आणि हा ठेंगा एकाच जातीचा वाटतो. एक फरक: आपली बंद पडली, त्यांची टिकली कशी?

एल्बकाठचा
सगळी नाही टिकली, पण काही टिकली खरी. 'ऑक्स' १९८९ पासून निघतंय, 'ट्रस्ट' त्याहून आधीपासून, डुइसबुर्गचं 'प्लास्टिक बॉम्ब' १९९३ पासून. कारण वितरण. बँड, मासिक, दुकान आणि जागा यांची एक साखळी झाली होती. हाम्बुर्गमध्ये क्लाउस मेकचं 'रिप ऑफ' नावाचं दुकान होतं, तिथे स्वतः काढलेल्या तबकड्या आणि फॅनझीन मिळत आणि तिथूनच बाकीच्या गावांत जात. आल्फ्रेड हिल्सबेर्ग हा पत्रकार लिहायचाही आणि 'झिकझाक' नावाचं लेबलही चालवायचा. पश्चिम बर्लिनमध्ये कार्ल वाल्टरबाखचं 'आग्रेसिव रॉकप्रोडुक्त्सिओनेन'. स्लाइमच्या सुरुवातीच्या तबकड्या लोकांपर्यंत पोचल्या त्या मुख्यतः या लेबलमुळे. याच वाल्टरबाखने नंतर 'नॉइझ' लेबल काढलं आणि क्रिएटर, हेलोवीन वगैरे मेटल बँड जगभर नेले. पैसा पंकपेक्षा तिकडे बरा असावा.

डेसिबल
वाल्टरबाखचा आणखी एक किस्सा, आणि रानजाईंच्या रामश्टाइनचाही. १९८३ मध्ये त्याने 'डेडेआर फोन उंटेन' नावाची तबकडी काढली, म्हणजे 'तळातून पूर्व जर्मनी'. पूर्वेतल्या दोन बँडांचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण बर्लिनच्या भिंतीपलीकडे आणून छापलेलं. एर्फुर्टकडच्या श्लाइम-काइमने खबरदारी म्हणून नाव बदललं, तरी श्टाझीने (पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी) त्यांना गाठलंच. भिंत पडल्यावर कळलं की तबकडीवरच्या दुसऱ्या बँडमधला कवी साशा आंडरसन हाच श्टाझीचा खबऱ्या. पूर्व बर्लिनच्या फीलिंग बी नावाच्या पंक बँडमधले पाउल लांडर्स आणि फ्लाके लोरेन्झ पुढे रामश्टाइनमध्ये गेले. तेव्हा रामश्टाइन ऐकणाऱ्यांनी पंकला फार नावं ठेवू नयेत.

रानजाई
हे भारीच. यावर वेगळा धागा पाहिजे. आणि लेखक म्हणाले होते तसं विचारते: श्वाइनेहेर्ब्स्ट एवढा चांगला का?

ब्रेमेनची_माई
याचं उत्तर मी दिलं तर चालेल का? मला पंक-बिंक कळत नाही, पण तो काळ मी इथे काढलाय.

आम्ही १९९१ च्या शेवटी ब्रेमेनला आलो. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिश्टेनहागेनमध्ये सूर्यफुलांचं चित्र असलेल्या एका उंच इमारतीवर जमावाने कित्येक रात्री हल्ला केला. आत शंभरावर व्हिएतनामी माणसं होती, बायका-मुलांसकट. खालून आग लावली आणि ती माणसं गच्चीवरून शेजारच्या जिन्यात उतरून कशीबशी वाचली. समोर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे आम्ही टीव्हीवर बघितलं. नोव्हेंबरमध्ये म्यॉल्नला एका तुर्की घराला आग लावली, आजी आणि दोन मुली गेल्या. मे १९९३ मध्ये झोलिंगेनला पुन्हा तेच, पाच बायका-मुली. झोलिंगेनच्या तीन दिवस आधी संसदेने आश्रयाचा कायदा आवळला होता. एवढ्या हिंसाचारानंतर जमावालाच हवं होतं ते दिलं, असं तेव्हा पुष्कळांना वाटलं. मलाही.

आमच्या जिन्यात नावाच्या पाट्या होत्या. यजमानांनी आडनावाची पाटी काढून ठेवू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, पण त्या उन्हाळ्यात मुलाच्या खोलीची खिडकी रात्री बंदच ठेवायची. वरच्या मजल्यावर एक म्हातारी जर्मन बाई राहायची, तिने स्वतःहून येऊन आमच्या दाराशेजारी पाण्याची बादली आणि तिच्या घराची किल्ली ठेवली. बोलली काहीच नाही.

मुलगा मोठा झाल्यावर त्याच्या खोलीतून हा अल्बम ऐकू आला. आवाज कमी कर म्हणून ओरडायला गेले आणि शब्द ऐकून दारातच थांबले. गाणं त्याच आगींबद्दल आहे, आणि सगळ्यात जास्त राग आग लावणाऱ्यांवर नाही, पडद्याआडून बघणाऱ्यांवर आहे. नट-नट्यांनी मेणबत्त्या घेऊन काढलेल्या फोटोंपेक्षा ते मला जवळचं वाटलं. आवाज मात्र कमी करायला लावलाच.

जुना_बाजार
माई, हे स्वतंत्र लिहा कृपया. वाचनखूण साठवली.

तारीख_पुढची
+१

मुळामुठा
माई, नमस्कार. तो अल्बम ऐकेन. पहिल्या अल्बमबद्दलचं माझं मत तेच आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

ब्रेमेनची_माई
ठेवा की. मलाही तो आवडत नाही.

कर्णकर्कश
आता कटू बोलतो. हा बँड 'स्वतंत्र' कशावरून? २०१० नंतर मोठमोठ्या महोत्सवांत वाजवतात, टी-शर्ट विकतात, तबकडी रंगीत प्लास्टिकमध्ये मर्यादित आवृत्ती म्हणून काढतात. ज्याने चांगली गाणी लिहिली तो परत आलाच नाही, जुना गायकही सोडून गेला. नाव राहिलं, धंदा राहिला. हाम्बुर्गमध्ये तसंही बंडाचं दुकान झालंय. झांक्ट पाउली या फुटबॉल क्लबची कवटी बघा, बाळांच्या लाळेऱ्यावरसुद्धा मिळते.

एल्बकाठचा
कवटीचं शंभर टक्के मान्य. ऐंशीच्या दशकात हाफेनश्ट्रासमधला माबुझे नावाने ओळखला जाणारा एक पंक काठीला कवटीचा झेंडा ठोकून मिलर्नटोरच्या मैदानात घेऊन आला, इतकीच त्याची सुरुवात. आज ती क्लबच्या दुकानाची पाटी आहे.

बँडबद्दल अर्धं मान्य. नव्या फळीतला ड्रमर आलेक्स श्वेर्स स्वतःच रुअरपॉट रोडिओ नावाचा पंक महोत्सव भरवतो, म्हणजे मोठ्या मंचाशी त्यांचं वाकडं नाहीच. पण स्वतंत्र म्हणजे गरीब असं कुणी ठरवलं? डी टोटेन होझेन हा दुसरा जर्मन पंक बँड, ते स्टेडियम भरवतात, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून लेबल स्वतःचं आहे. माझी कसोटी साधी आहे: गाण्यातली ओळ कुणी बदलायला लावू शकतो का? स्लाइमला तसं कुणी लावलेलं ऐकण्यात नाही. लावलं असेल तर सरकारने, कंपनीने नाही.

नावाबद्दल मात्र मीही साशंक होतो. 'झ्वाय' ऐकल्यावर मत असं झालं की तो चांगला अल्बम आहे, पण वेगळ्या बँडचा. टेक्स ब्रास्केट स्वतःबद्दल गातो: रस्ता, दारू, थंडी. योरा 'आम्ही' म्हणून गायचा.

कर्णकर्कश
हे शेवटचं बरोबर पकडलंत. 'आम्ही' गेलं की स्लाइम गेला.

डेसिबल
किंवा 'आम्ही' म्हणायला आता तेवढी माणसं उरली नाहीत. १९८१ मध्ये ब्रोकडोर्फला लाख माणूस होता.

रानजाई
एक व्यावहारिक प्रश्न. पुढच्या वर्षी दोन सत्रांसाठी लाइप्झिगला येतेय. स्लाइम नाही मिळाला तरी असा एखादा कार्यक्रम बघायचाय. एकटी बाई, पाच फूट उंची, नऊवारी नेसून येणार नाही हे नक्की, पण काय घालू? आणि धक्काबुक्की किती असते?

एल्बकाठचा
लाइप्झिगला येताय तर कॉने आयलंडला जा, नव्वदच्या दशकापासून तरुण मंडळी स्वतः चालवतात. अशा स्वतः चालवलेल्या युवा केंद्रांतच हा प्रकार खरा बघावा, महोत्सवात नाही. रोख पैसे ठेवा. बऱ्याच ठिकाणी प्रवेशाला 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' अशी रक्कम लिहिलेली असते, परवडेल ते द्यायचं. हातावर शिक्का मारतात, तो दोन दिवस जात नाही आणि सोमवारी ऑफिसात बाही खाली ओढून बसावं लागतं. बाटलीवर डिपॉझिट असतं, रिकामी परत केली की पैसे परत. मागच्या बाजूला भलं मोठं पातेलं असतं, बहुतेक वेळा शाकाहारीच, बऱ्याचदा दूधही नसलेलं. मीठ कमी असतं, लोणचं न्या. फोटो काढायच्या आधी विचारा, लोकांना आवडत नाही.

धक्काबुक्की मंचासमोरच्या अर्धवर्तुळात असते, खांबामागे कुणी हातही लावत नाही. आणि आत गेलात तरी पडलं की चार हात उचलतात. मागे एकाचा चष्मा पडला तर नाचणाऱ्यांनी हात पसरून रिंगण केलं, दोघांनी मोबाइलचा उजेड धरला, चष्मा सापडला, एक काडी वाकलेली. त्याने ती दाताने सरळ केली, नाकावर ठेवली आणि परत उडी मारली. बँड तोवर वाजवतच होता.

कपडे कुठलेही चालतील, बूट बंद घाला. पायावर पन्नाशीतला शंभर किलोचा जर्मन उतरतो, सँडलचं काही राहत नाही.

ब्रेमेनची_माई
आणि कानात बोळे. दारापाशी बहुतेक ठिकाणी फुकट मिळतात, लाजू नकोस, जर्मन स्वतः घालतात. बाकी लाइप्झिगला आलीस की सांग, माझ्या मुलाचा कॉलेजातला मित्र तिथे राहतो, त्याला असल्या जागा पाठ आहेत.

रानजाई
माई, नक्की. लोणचं कुठलं आणू ते व्यक्तिगत निरोपात कळवा.